बुरुलचाबाईंनी सुई लावली नाही

बुरुलचाबाई आमच्या शाळेत एकतीस वर्षं शिवणकाम शिकवत होत्या. मी तिथेच गणित शिकवतो, त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. बाई जिभेच्या तिखट. एखाद्या पोरीची शिवण वाकडी गेली की म्हणायच्या, "उसव. हे शिवणं नाही, कापडाचा छळ आहे."

त्या वर्षी मुख्याध्यापक असानगाझींनी फर्मान काढलं, गणवेश एकाच दुकानातून घ्यायचा. दुकान त्यांच्या मेहुण्याचं, कानिबेकचं. हा गृहस्थ आदल्या वर्षापर्यंत कोचकोरच्या बाजारात प्लास्टिकच्या बादल्या विकत होता. बादलीत आणि कापडात काही फरक असतो, हे त्याच्या गावीही नव्हतं. एक सप्टेंबरला, शाळा उघडायच्या दिवशी, पोरं निळे कोट घालून रांगेत उभी राहिली, तर कोट ओल्या रेक्झिनसारखे चमकत होते. पहिल्याच धुण्यात रंग गेला. शर्ट निळे, माना निळ्या. महिन्याभरात काखा उसवल्या.

सप्टेंबरअखेरच्या पालकसभेत बाईंनी एक कोट टेबलावर आपटला आणि कॉलर फाडली. आत कॉलर ताठ ठेवणाऱ्या बकरमच्या जागी नूडल्सच्या खोक्याचा पुठ्ठा, वर छापलेल्या कोंबडीसकट.

"कानिबेक, ही कोंबडी कितवीत आहे रे?"

सगळे हसले. कानिबेकला लाज कसली! म्हणाला, "पोरंच रानटी तुमची. घोड्यावर बसतात, कुस्त्या खेळतात. कोट काय करणार?"

"उत्तर द्यायला हात वर केला तरी काख फाटते. आता हातही वर करायचे नाहीत का?"

पुन्हा हशा. मग आम्ही शूर लोक टोप्या घालून घरी गेलो. असानगाझींसमोर एकानंही तोंड उघडलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी आया फाटक्या कोटांची गाठोडी घेऊन बाईंच्या दारात हजर. गोठ्यावर दूध काढणारी झिपार पुढे झाली. "बाई, दोन टाके मारा ना. तुमच्या हाताला काय अवघड आहे?"

"ह्या चिंध्यांना मी सुई लावणार नाही. मी टाका मारायचा आणि नाव त्या बादलीवाल्याचं टिकायचं?"

"तुमचा बाणा राहील बाई, पण थंडी माझ्या पोराला वाजते."

हे बाईंना लागलं. आत गेल्या, वारलेल्या नवऱ्याचा जाड लोकरी कोट काढला आणि कात्री लावली. तिसऱ्या दिवशी झिपारचा एर्नाझ तपकिरी, अस्तर लावलेला कोट घालून शाळेत आला. मग लोक पेट्यांमधून बापाचे, आजोबांचे जुने कोट काढून आणू लागले. ऑक्टोबर संपेपर्यंत चाळीसेक पोरं रंगीबेरंगी पण उबदार कोटांत.

तेवढ्यात शिक्षण खात्याचे साहेब येणार म्हणून बातमी आली. असानगाझींनी बाईंना शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. मी तिथेच वह्या तपासत होतो.

"फाटलेले निळे कोट शिवून द्या, नाहीतर जानेवारीपासून तुमचे तास कापतो."

"कापा. तुमच्या मेहुण्यापेक्षा सरळ कापाल."

साहेब आले. अर्धी पोरं फाटक्या निळ्यात, अर्धी धड कोटांत. साहेबांनी एर्नाझच्या कोटाची शिवण आतून बाहेरून पाहिली, मग एका निळ्या कोटाच्या बाहीत बोट घातलं, ते शिवणीतून पार बाहेर आलं. असानगाझी कापडाला दोष देऊ लागले. साहेब त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "दुकानाची सक्ती आजपासून बंद."

कानिबेकचं काहीही बिघडलं नाही. असल्या माणसांचं बिघडत नाही. आता तो दवाखान्याला पडदे पुरवतो. बाईंचे तास मात्र जानेवारीत निम्मे झाले.

वसंतात आम्हा शिक्षकांना कंठ फुटला. बाईंचे तास परत द्या म्हणून अर्ज लिहिला, सतरा सह्या केल्या आणि मोठ्या अभिमानानं त्यांना दाखवायला गेलो. बाईंनी चष्मा लावून एकेक सही वाचली.

"अक्षर छान आहे हो सगळ्यांचं. सप्टेंबरमध्ये काय, हात दुखत होते?"

आणि कागद परत माझ्या हातात देऊन त्यांनी मशीन चालू केलं.