तळहातानं ऐकणारे भिकन आप्पा

ही वही कुणी उघडलीच, तर माझं ऱ्हस्व-दीर्घ आणि वाकडं अक्षर समजून घ्यावं. चौथीनंतर मी बहुतेक सहीपुरतंच लिहिलं आहे. भिकन आप्पांबद्दल मात्र लिहून ठेवावंसं वाटलं.

आप्पा यंत्राचा आवाज तळहातानं ऐकत. आयुष्यभर सुरतेत लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, दुरुस्त करून त्यांचे कान गेले होते. म्हातारपणी तिथल्याच लिंबायत वस्तीत टपरी टाकून ते रेडिओ, पंखे नीट करून देऊ लागले. बहिऱ्याकडे रेडिओ, म्हणून लोक हसत. आप्पा त्यांच्या खानदेशी बोलीत म्हणत, "कान खोटं बोलतस. हात नही."

माझ्या नवऱ्यानं दोन मोठ्या स्पीकरांचा जुना स्टिरिओ आणला होता. टीव्हीचा आवाजही त्यातूनच यायचा. मी दिवसभर घरी साड्यांना लेस लावते; गाणी हीच सोबत. पण गाणं बंद केलं तरी स्पीकरमधून सारखा "हूंऽऽ" आवाज यायचा. नवराही लूमवरचाच, त्याला तो ऐकू येईना. "तुझ्याच डोक्यात वाजतंय," म्हणायचा. शेवटी म्हणाला, "एकदा दाखव कुणाला, नाहीतर भंगारात देतो."

आप्पा आले. स्पीकरवर तळहात ठेवून म्हणाले, "थरथर से." सेट उघडून त्यांनी एक कंडेन्सर बदलला आणि पुन्हा हात ठेवला. आमच्या खोलीखाली लूमचा कारखाना आहे. पाळी बदलायची म्हणून नेमके तेव्हाच लूम थांबले. हाताखालची थरथर गेली. "गई!" आप्पा खूश झाले. मला हूं तसाच ऐकू येत होता. पण म्हाताऱ्या माणसाला तोंडावर कसं सांगायचं? लेसच्या मजुरीतले सहाशे रुपये मी मुकाट्यानं दिले.

आठवड्यानं नवऱ्यानं भंगारवाल्याला रविवारी यायला सांगितलं. तेव्हा मी टपरीवर गेले. हळूच सांगितलं.

"जोरमा बोल, माय!"

चार माणसं उभी होती. मी ओरडलेच, "आप्पा, आवाज गेलाच नव्हता! खालचे लूम थांबले होते!"

"घ्या आप्पा, आता हातही रिटायर!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. हातातला पंखा बाजूला ठेवून त्यांनी हत्यारांची पेटी उचलली.

घरी येऊन म्हणाले, "आते कान तुना, हात मना. आवाज बंद व्हयना का बोट वर कर." म्हणजे ऐकायचं मी, काम करायचं त्यांनी. ते स्टिरिओ-टीव्हीची एक वायर काढत, माझ्याकडे बघत, ती परत लावून दुसरी काढत. नवरा कंटाळला. ओरडून म्हणाला, "सगळ्या एकदम काढा ना."

"मंग चोर कसा सापडी?"

"नाहीतर प्लगची ती अर्थिंगची जाड पिन तोडून टाका. शेजारच्यानं तेच केलंय."

"ती पिन जीव वाचाडस, भाऊ. आवाज परवडी, मरन नही."

टीव्हीच्या डब्यात येणारी केबलची वायर त्यांनी काढली आणि माझं बोट आपोआप वर गेलं. हूं गेला होता. फक्त खालचे लूम ऐकू येत होते. केबल बाहेरून आपलं वेगळं अर्थिंग आणत होती, ते घरच्या अर्थिंगशी जुळत नव्हतं, असं आप्पा म्हणाले. केबलमध्ये दोन्ही अर्थिंग वेगळी ठेवणारा एक छोटा जोड बसवून त्यांनी सगळं पुन्हा लावलं. हूं नसेल तर बोट वर करायला सांगितलं. मी पुन्हा केलं. रविवारी भंगारवाला रिकाम्या हातानं गेला.

त्या दिवशी जाताना आप्पा म्हणाले, "जुना कंडेन्सर चांगला व्हता. ते पैसा मना नहीत." पैसे बायकोच्या औषधाला गेले होते, म्हणून थोडे थोडे देतो म्हणाले. मी मोठ्यानं म्हटलं, "अर्धी चूक माझी. मी गप्प बसले."

"तुनी चूक तू वरडीसन फेडी. मनी माले फेडू दे."

दर रविवारी शंभराची एक नोट घेऊन ते यायचे. पाच झाल्या आणि ते आजारी पडले. मुलगा त्यांना गावी न्यायला आला. त्या दिवशी रिक्षा खाली उभी करून आप्पा धापा टाकत जिना चढून आले. मी नोट घेईना. "मोज," म्हणाले. मी डब्यात जपून ठेवलेल्या त्यांच्या पाच नोटा काढल्या, त्यांची सहावी वर ठेवली आणि त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मोजल्या. सहाशे पूर्ण झाले.