हळदीतली गिटार

ऑर्केस्ट्रात माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. म्हणून जळगावच्या वाद्यांच्या दुकानात मी झगझगीत पिवळी इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून आरशासमोर उभा होतो. शेजारच्या बाकावर एक अनोळखी आबा आपल्या बेंजोला नव्या तारा चढवत होते. प्रत्येक तार नखानं छेडायची, कान द्यायचा, मान हलवायची, मगच पुढची.

"कसाना कार्यक्रम करस रे भाऊ?" त्यांनी विचारलं.

"जास्त करून लग्नातल्या हळदीचे, आबा."

त्यांनी बेंजोवरचं पिवळं उपरणं काढलं, झटकलं आणि गिटारीमागून माझ्या अंगावर पसरलं.

"हळदमा बठ्ठा पिवळाच ऱ्हातस. मांडव बी पिवळा. आते आरसामा दख. तुनी गिटार कोठे शे?"

खरंच, कुठे होती? मी पिवळी उतरवून शेजारची निळी गिटार उचलली. आबांनी वाकून तिची एक तार छेडली, कान दिला आणि मान हलवली.

आता साक्रीपासून वरणगावपर्यंत लोक मला 'निळ्या गिटारीवाला' म्हणून ओळखतात. मला हे नाव मिळवून देणाऱ्या आबांचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं. हळदीत पहिली तार छेडली की मी थोडा थांबतो. कुणीतरी मान हलवल्यासारखं वाटतं, मगच पुढची.