अंधारात मोजणारं घड्याळ

दामूअण्णांच्या उजव्या पायाचा अंगठा कधी थांबत नसे. खुर्चीत, एसटीत, मयताच्या घरी बसल्यावरसुद्धा तो हलतच असायचा. येरमाळ्यात हमरस्त्यालगत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. चहा अर्धा टाकून उठायचे, "आलोच" म्हणायचे आणि यायचे नाहीत.

दुष्काळात मी दूध संस्थेची सचिव होते. रानं करपलेली, चुली दुधावर चालायच्या. सकाळची दूध नेणारी गाडी फाट्यावर जेमतेम थांबायची. कॅन वेळेत पोचवावेच लागत. अण्णांनी स्वतः जोडलेलं लाल आकड्यांचं घड्याळ संस्थेला दिलं. पण लाईट गेली की ते परत बारापासून सुरू व्हायचं.

"अण्णा, तुमच्या घड्याळात सारखे बाराच कसे वाजत्यात वं?" झाडलोट करणारी शेवंताबाई म्हणाली.

अण्णांना ते लागलं. त्यांनी आत सेल बसवले. आकड्यांना वीज फार लागते, म्हणून लाईट गेली की आकडे विझायचे, सेलवर नुसती मोजणी चालायची. "दिसत न्हाय म्हून बंद न्हाय. अंधारात मोजतंय त्ये," असं मला समजावून ते पळाले. शेवंताबाईला सांगायचं राहिलं.

पुढच्या वेळी लाईट गेली. घड्याळ काळं पडलेलं बघून तिला वाटलं, सेल मेले. आपण बॅटरीचे सेल तापवतो तसे तिने ते काढून पत्र्यावर उन्हात ठेवले. संध्याकाळी लाईट आल्यावर परत बसवले आणि सावली बघून अंदाजाने वेळ लावली. ती मागे पडली. दुसऱ्या सकाळी आमचे कॅन फाट्यावर पोचले तेव्हा गाडी गेलेली होती. सगळं दूध नासलं.

"काढा ते खेळणं," चेअरमन ओरडले. शेवंताबाई दाराआड उभी.

"तिचं काय चुकलं?" अण्णा म्हणाले. "जागं असून मेल्यावानी दिसाया लागल्यावर माणूस काय करंल? उद्यापतूर थांबा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घड्याळात ज्वारीच्या दाण्याएवढा दिवा बसवला. लाईट गेली की तो लुकलुकायचा. पुन्हा गाडी चुकली नाही. घड्याळ भिंतीवर राहिलं.

पुढे कित्येक वर्षांनी अण्णा दवाखान्यात डोळे मिटून निपचित पडले होते. आता काही उरलं नाही, घरी न्यावं, असं नातेवाइकांनी ठरवलं. जीपही दाराशी आली. माझ्याबरोबर भेटायला आलेल्या शेवंताबाईने त्यांच्या पायावरची चादर सारली.

अंगठा हलत होता.

"कुठं नेताय?" ती म्हणाली. "मोजत्यात अजून."

मी बाहेर जाऊन जीप परत पाठवली.