अक्काच्या केकवरची कमान

कमान उभारल्याशिवाय जगातलं कुठलंही काम पुरं होत नाही, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो माझा सख्खा मामा आहे. जळगावला मेहरूणमध्ये राहतो. उभी हयात लग्नाचे मंडप घालण्यात गेली. आता धंदा मुलाने हाती घेतला आहे, पण मामाचा डोळा अजून मंडपवाल्याचाच. कुणाकडे चहाला गेला तरी कपाला हात लावायच्या आधी तो खोलीचे चारी कोपरे बघतो आणि यजमानांना विचारतो, “पाहुण्यांना आत कुठून घेता?” एकदा दवाखान्यात भरती होता, तर शुद्धीवर आल्या आल्या त्याने नर्सबाईंना सांगितलं की सलाईनचा स्टँड कललेला आहे, ओळंब्यात नाही. आणि तो खरोखरच नव्हता!

अशा माणसाने केक करायला घ्यावा, हे आमच्या घराण्याचं भाग्य. माझी आई, म्हणजे मामाची थोरली बहीण, धुळ्याला आमच्याकडे असते. तिला तो अक्का म्हणतो, म्हणून आम्हीही अक्काच म्हणतो. तिची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी झाली, एवढंच. आखाजीला लेकींनी माहेरी जायचं ही आमच्याकडची रीत, पण गुडघ्यांनी संप पुकारला आणि अक्काचं जळगाव सुटलं. तेव्हा मामा म्हणाला, “ती येत नाही ना? मग माहेरच तिकडे नेतो.” आणि माहेर म्हणून तो दरवर्षी वाढदिवसाचा केक आणू लागला.

केकची तयारी होळीलाच सुरू होते. फोन येतो, “तुमच्या टीपॉयचं माप सांग.” मी अंदाजाने सांगितलं की ओरडतो, “अंदाजानेच मंडप पडतात!” मग पुढचा प्रश्न, “दार कुठल्या बाजूला ठेवू?” केकला दार कशाला, असं मी एकदा विचारून बसलो. पलीकडून अत्यंत खेदाने, “तू शिकलेला आहेस ना रे?”

केक भाजायचा जळगावात, मामीच्या जुन्या कुकरात, तळाला वाळू घालून आणि शिट्टी काढून. अक्काला अंडं चालत नाही, म्हणून त्यात शेजारच्या असोद्याची पिकलेली केळी. मग तो डबा मांडीवर घेऊन स्वारी एसटीत बसते. एरंडोलला कुणी शेजारी टेकू लागलं की मामा बजावतो, “जरा सावकाश, आत बांधकाम आहे.” सजावट मात्र धुळ्याला, प्रत्यक्ष जागेवर. वैशाखातलं धुळं, भिंतींना हात लावला तर चटका बसेल, आणि मामाचा पहिला हुकूम, “पंखा बंद! पिठीसाखर उडते.” आम्ही घामाने निथळत मापाच्या दोरीची टोकं धरून उभे, आणि मामा मेंदीच्या कोनात गोड चक्का भरून झालरी सोडतोय, बिस्किटांचे खांब रोवतोय, चेरीचे दिवे लावतोय. शेवटी समोर कमान.

आणि कमानीसमोर अक्का. अक्काने मामाची जन्मात कधी स्तुती केली नव्हती. सराफ बाजारातल्या एका शेटजींच्या मुलीच्या लग्नातला त्याचा मंडप बघायला निम्मं जळगाव लोटलं होतं. अक्का आली, वर बघितलं आणि आपल्या अहिराणीत म्हणाली, “तो पडदा आखूड शे.” पहिल्या वर्षी केकवरची कमान सुरी लागायच्या आधीच कोसळली, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “बठ्ठं वऱ्हाड खाले दबाई गयं रे भाऊ.” दुसऱ्या वर्षीच्या गुलाबावर निकाल लागला, “गुलाब काय, कोबी शे हाऊ!” मामा सगळ्यांबरोबर हसायचा, पण निघताना चपला घालता घालता मला म्हणायचा, “एकदा तरी तिच्या तोंडून ‘चांगला’ काढीन, बघच तू.”

एका वर्षी तो दिवस उजाडला. अक्काने केक या बाजूने, त्या बाजूने न्याहाळला, तुकडा तोंडात घातला आणि म्हणाली, “चांगला व्हयना रे भाऊ. काहीच चूक नही.”

आम्ही टाळ्या वाजवल्या. मामाचा चेहरा मात्र पडला. त्याने मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

“हिला डॉक्टरला दाखवलं का?”

“मामा, अरे, कौतुक केलं तिने!”

“तेच म्हणतोय मी! डावीकडची झालर पार ओघळली आहे, आणि अक्का चूक काढत नाही? तिला दिसत नाहीये रे.”

खरंच दिसत नव्हतं. एका घरात राहून आम्हाला कळलं नव्हतं, आणि तिने सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली जपू.

तेव्हापासून मामा केकमध्ये मुद्दाम चूक ठेवतो. अक्काची नजर जसजशी उणावत गेली, तसतशी त्याची चूक मोठी होत गेली. आधी फूल वाकडं, मग झालर अर्धीच. ज्या हाताने जन्मभर ओळंबा सोडला, त्या हाताला हे काय कष्ट पडत असतील ते त्यालाच ठाऊक. यंदा त्याने अख्खा खांबच गाळला. अक्काने चाचपडत केकच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट रिकाम्या जागेपाशी थांबलं आणि तिचा चेहरा उजळला.

“हाऊ खांब कोठे गया रे भाऊ? उभा जलम मंडप घाल्यात, आणि खांब इसरना?”

“राहून गेला, अक्का,” मामा मान खाली घालून म्हणाला. “अजून काय काय चुकलं, सांग ना.” आणि तिचं बोट हळूच धरून तो केकच्या दुसऱ्या बाजूला नेऊ लागला. तिकडेही त्याने तिच्यासाठी एक चूक ठेवली होती.