सीमेवर कुणी अडवलंच नाही!

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बरं का, कारण पुढे माझी अशी फजिती आहे की सांगताना मलाच पदर तोंडाला लावावा लागतो. पोलिसांनी धरलं म्हणून लोक रडतात. मला धरलं नाही म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं!

गोष्ट मागच्या संक्रांतीची. आमचा नीलेश नोकरीला बैतूलला, म्हणजे मध्य प्रदेशात. सून तिकडचीच. गुणाची आहे, पण बोरनहाण तिला ठाऊक नाही. माझी नात ओवी वर्षाची झालेली. तिला हलव्याचे दागिने घालायचे, डोक्यावरून बोरं-मुरमुरे ओतायचे, हे सगळं पहिल्यांदाच होणार. रविवारी चार वाजता ठरलं, शेजारची पोरं बोलावली. मी नाही पोचले तर करणार कोण? आणि खरं सांगू? ओवीला मी प्रत्यक्ष पाहिलं होतं ते ती सव्वा महिन्याची असताना. त्यानंतर फक्त मोबाइलवर. काचेचे मुके घेऊन घेऊन माझी काच सदा ओली.

मी इथे वर्धेजवळ नालवाडीला एकटीच. हे गेले त्याला तीन वर्षं झाली. यांची गाडी अंगणात धूळ खात होती आणि मी घरात. शेवटी क्लास लावला न् साठीत गाडी शिकले. देवळापर्यंत जाते, देवळीला बहिणीकडे जाते. बाकी सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. एकट्या माणसाला स्वयंपाकापेक्षा उपास सोपा पडतो, हे देवालाही कळत असावं. रागावत नाही.

तर गाडीनं बैतूलला जायचं ठरवलं. शेजारचे मेश्राम भाऊ रिटायर क्लार्क. त्यांना सांगितलं तर ते हातातला पेपर खाली ठेवून म्हणाले, "वहिनी, एकट्या जाऊन राह्यल्या? दुसऱ्या राज्यात?"

"हो. काऊन?"

"तसं काई नाई. पण तिकडचे नियम वेगळे राह्यते. आपल्या इथं कोणी डिक्की उघडून पाह्यते का? तिकडं पाह्यते. आग विझवायचं सिलिंडर पाह्यजे, फर्स्ट एडचा डबा पाह्यजे, लाल चमकणारा त्रिकोण पाह्यजे, जादा बल्ब पाह्यजे. एक जरी नसलं का, गाडी बाजूले!"

"अन् मग?"

"मग काय? बसा दिवसभर!"

दिवसभर! आणि चारला बोरनहाण! 

मला नियम दिले की मी काय करते, तुम्ही ओळखलंच असेल. देवापुढे तांदूळ ठेवून संकल्प सोडला: हे नारायणा, परराज्याचे सगळे नियम पाळून जाईन, एकही चुकवणार नाही. पूजेच्या सामानाची यादी करतात तशी यादी केली. मेश्राम भाऊंनी दुकानं दाखवली. सिलिंडर आलं, त्याला हळद-कुंकू लावलं, लाल खणात गुंडाळलं. त्रिकोण देवघरात तीन दिवस पाटावर ठेवला. फर्स्ट एडच्या डब्यात पट्ट्या, मलम, कापूस, आणि माझ्याकडून गंगाजल, सुंठ आणि अंगारा. कमी नको पडायला!

रोज संध्याकाळी देवापुढे हिंदीची तालीम. "जी साहब, देखिए, ये हमारा त्रिकोण. ये हमारा डिब्बा." देव ऐकून घ्यायचे बिचारे. दुसरं होतंच कोण घरात?

रविवारी सकाळी निघाले. कारंजा घाडगे येईपर्यंत ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवून वाजवून माझा जीव काढला, तरी मी आपली चाळीसच्या वर गेले नाही. बाराच्या सुमाराला सीमा आली. एक तंबू, दोन बॅरिकेड, चार पोलीस.  गाडी हळू केली, काच खाली केली, "जी साहब" ओठांवर आणलं...

आणि हवालदारानं माझ्याकडे न बघताच हात हलवला. चला, पुढे!

पुढे? असं कसं पुढे?

दोन किलोमीटर गेले, पण मन लागेना. पंधरा दिवसांची तयारी, आणि कुणी साधं "काकू, काय आणलं?" एवढंही विचारू नये? इतकं व्रत करावं आणि देवानं डोळे मिटून घ्यावेत! घेतला वसा असा अर्धा टाकायचा? उद्या संकल्प अपुरा राहिला म्हणून ओवीला काही झालं तर? डोळे भरून आले. आणि मी, कपाळाला हात लावा आता, गाडी वळवली.

नाका पाहून पळणाऱ्या गाड्या त्या लोकांनी रोज पाहिल्या असतील. नाका ओलांडून परत येणारी त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. चौघंही उठून उभे! हवालदार शिट्टी फुंकत धावला.

"गाडी साइड में लो! पलट के क्यों आए?"

"चेकिंग करवाने, साहब."

"किसकी चेकिंग?"

"मेरी!"

त्यानं मागे वळून बाकीच्यांकडे पाहिलं. त्यांच्यात एक बाई शिपाई होती, जवळच्या पांढुर्ण्याची. ती मराठीत बोलली, "मावशी, गाडीत आहे तरी काय?"

"सगळं आहे ग बाई! बघ ना!"

झालं! "सगळं आहे" म्हटल्यावर कोणता पोलीस सोडेल? डिक्की उघडली, सीट उचलल्या, चटया झटकल्या. हवालदारानं लाल खणातलं गाठोडं दोन बोटांनी सोडलं. आत कुंकू लावलेलं सिलिंडर! मग हलव्याचे दागिने निघाले.

"ये सफेद दाने क्या हैं?"

"हार है साहब. पोती का."

त्यानं एक दाणा जिभेवर ठेवला. "शक्कर?"

"और खाइए ना. तिल के लड्डू भी हैं."

चौघांच्या हातावर लाडू ठेवले. त्रिकोण दाखवला, बल्ब दाखवला, अंगाऱ्याची पुडी दाखवली. हवालदार म्हणाला, "माताजी, सब ठीक है. और नियम तो सब जगह एक ही है. बस कोई देखता है, कोई नहीं देखता." मग पुढे वाकून त्यानं गाडीच्या काचेतून आत पाहिलं. "लेकिन ये क्या है?"

तिथे पुढच्या काचेला टेकून माझे देव होते. गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, दत्ताची तसबीर, वर आरशाला लोंबणारी माळ आणि घंटी.

"आगे का रास्ता दिखता कैसे है?"

"भगवान दिखाते हैं ना, साहब."

घ्या! सगळ्या यादीत नसलेला नियम मी वर्धेपासून मोडत आले होते. बाई शिपायानं एकेक देव अलगद उचलून मागच्या सीटवर बसवला, आणि पट्टा लावून टाकला. म्हणाली, "मावशी, आता देवायलेही काई होत नाई."

किती प्रेमळ पोरगी! तिला विचारलं, लग्न झालं का, सासू कशी आहे. मग माझी सासू सांगितली. यांचं आजारपण सांगितलं. हवालदाराला गुडघेदुखी होती, त्याला सुंठेचा लेप सांगितला. कोणीतरी चहा आणला. मी मनात म्हणत होते, अडकले बाई, मेश्राम भाऊ म्हणाले तेच खरं झालं, आता हे काही सोडत नाहीत!

दोन वाजून गेले आणि नीलेशचा फोन आला.

"आई, कुठे आहेस? मुलतईच्या पुढे यायला पाहिजे होतीस तू! पोरं यायची वेळ झाली!"

"अरे, नाक्यावर धरून ठेवलंय मला. सोडतच नाहीत!"

"काय? दे त्यांना फोन!"

नीलेश असा कडाडला की फोन हवालदाराच्या कानाला असून मला ऐकू आलं. "एक बुजुर्ग औरत को दो घंटे से रोक रखा है? शर्म नहीं आती?"

हवालदार अगदी शांतपणे म्हणाला, "सर, चेकिंग तो पंद्रह मिनट में हो गई थी. हमने नहीं रोका. माताजी ने हमको रोका है."

 आणि मी चहाचा कप हातात घेऊन, धरणी दुभंगेल का बघत उभी!

साडेचारला पोचले. पोरं बोरांकडे टक लावून बसली होती, नीलेशनं कुणाला हात लावू दिला नव्हता. आणि ओवी? मला पाहताच तिनं भोकाड पसरलं. वीतभर मोबाइलातली आजी एवढी मोठी कशी झाली, असं वाटलं असेल लेकराला! मग हलव्याचा एक दाणा तोंडात गेला, आणि माझ्या मांडीवरून उठायलाच तयार नाही. भर बोरनहाणात मी एवढी रडले की सूनबाईला वाटलं, हाही विधीच असावा.

बुधवारी परत निघाले. तोच नाका, तेच चौघं. माझी गाडी दुरून दिसल्याबरोबर हवालदारानं स्वतः धावत जाऊन बॅरिकेड बाजूला ओढलं आणि पुढच्याला ओरडून सांगितलं, "माताजी हैं! जाने दो, जाने दो! कोई कुछ पूछना मत!"

मी हात हलवून पुढे निघून गेले. आता तुमच्यापासून काय लपवायचं? सुनेनं दिलेल्या गोड गुजियांच्या डब्याचं झाकण उघडून, काच खाली करून, मी नाक्याच्या अर्धा किलोमीटर आधीपासून तयार होते!