बिराप्पाची घंटा

कवठे महांकाळच्या पूर्वेला माळ सुरू झाला की तो संपता संपत नाही. कुसळं, दगड आणि वर मोकळं आभाळ. त्या माळावर मेंढरांमागं चालत जी माणसं वाढली, त्यांची नजर लांबची असते आणि पावलं सावकाश पडतात. बिराप्पा त्यांच्यातलाच. फरक एवढाच की तो पलटणीत गेला, तिथं तारायंत्राचं काम शिकला आणि परत आल्यावर सांगलीच्या औद्योगिक वसाहतीत नानासोंच्या शेडमध्ये कामाला लागला. मेंढरं सुटली, मेंढक्याची चाल सुटली नाही. हे मी अभिमानानं सांगतो, कारण मीही त्याच माळाचा आहे.

गोष्ट एकोणऐंशी सालच्या चैत्रातली. नानासो कुंडलचे, घरी ऊस, शिक्षणानं इंजिनिअर. विहिरीवरच्या मोटारीसाठी ते एक पेटी बनवत. विजेचा एक फेज गेला किंवा विहिरीचं पाणी तळाला गेलं की ती पेटी मोटार आपोआप बंद करी. पेटीच्या पोटात परदेशी चिप असे. बोटाएवढी लांब, दोन्ही बाजूंना सुरवंटासारखे पाय आणि पाठीवर काचेची इवलीशी खिडकी. चिप येई ती कोरी. पाणी म्हणजे काय, फेज म्हणजे काय, मोटार कधी थांबवायची, हे तिला शिकवावं लागे. फळीवरची बटणं वर-खाली करून एकेक आकडा आत घालायचा. एक चुकला की खिडकीतून जांभळा उजेड दाखवून सगळं पुसायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. ते झालं की चिप पेटीत बसवून हातानं तारा काढून-जोडून तपासायची.

हे सगळं बिराप्पाच्या अंगावर होतं, आणि तेच त्याच्या वाटेत आलं.

चैत्रात आमच्या बिरोबाची जत्रा. त्या वर्षी बिराप्पाचे वडील, सिदाप्पा, घराण्याचा ढोल उतरवणार होते. हात थरथरू लागले होते. दिवस मावळताना देवळापुढं ढोल थोरल्या मुलाच्या गळ्यात जायचा. मुलगा त्या घटकेला हजर नसला, तर पुतण्या जोतिबाच्या गळ्यात. एकदा गेला की त्याच घरात राहिला. आणि नेमक्या त्याच दिवसांत नानासोंनी पाणीपुरवठा सोसायटीला पेट्या देण्याचा शब्द दिला होता.

"मालक, जत्रंला जायला पायजे," बिराप्पा म्हणाला.

"जा की रं. पण चिपांस्नी शिकवणार कोण? शालूबाई?"

शालूबाई पेट्यांतल्या तारांना कथिलाचे टाके मारणारी. कथिलाच्या धुरात डोळे बारीक करून ती म्हणाली, "आवं, माझ्या पोरांस्नी शिकवता शिकवता पुरेवाट झालीया. ह्या किड्यांस्नी कुठं शिकवू?"

"तुमी शिकवू नका, बाई," बिराप्पा म्हणाला. "आपणच शिकतील, आपणच परीक्षा देतील, असं काय तरी करतो."

मोडीच्या बाजारातून त्यानं जुन्या तारायंत्राचं पट्टीयंत्र आणलं. कागदाची लांब पट्टी, तिला बारीक भोकं. ती यंत्रातून सरकली की भोकं वाचली जात आणि चिपेत आकडे आपोआप उतरत. नानासोंनी नकाशा काढून दिला, बिराप्पानं जोडणी केली, दोघं वाद घालत आणि चहा पीत राहिले. पट्टी संपली की यंत्र पुढं स्वतःच परीक्षा घेई: खोटाच फेज तोडी, खोटीच विहीर आटवी आणि चिप मोटार थांबवते का ते बघे. दोन्ही उत्तरं बरोबर आली की एक लोखंडी पट्टी खटकन चुंबकाला चिकटे आणि घंटा वाजे. घंटा साधी नव्हती. कळपापुढं चालणाऱ्या मेंढ्याच्या गळ्यातली, बिराप्पानं घरून आणलेली.

पहिल्यांदा त्यानं मुद्दाम बिघडलेली चिप बसवली. घंटा गप्प. मग चांगली बसवली. टण्ण! शेडमध्ये माळावरची सकाळ झाल्यासारखं वाटलं.

"वाजली बघा!" शालूबाईनं टाळी वाजवली. "आता ह्याला चारा घातला की झालं."

जत्रेच्या दिवशी सकाळपासून घंटा वाजत होती. चिप बसवायची, बटण दाबायचं, पट्टी सरकायची, टण्ण. दुपारी कोऱ्या पटक्याचा फेटा बांधून बिराप्पा बस धरायला निघाला. जाता जाता त्यानं शालूबाईला जोतिबाचं नाचणं करून दाखवलं, हातात रुमाल धरून, कुल्ले हलवत. ती हसत हसत बटण दाबून बसली.

टण्ण!

हसू थांबलं ते तिचंच. "आवं भाऊ... मी आत कायबी बसवलंच न्हाई."

चिप बसवायची खोबण रिकामी होती. बिराप्पानं पुन्हा बटण दाबलं. रिकाम्या खोबणीला यंत्रानं पुन्हा शाबासकी दिली.

तो तसाच खाली बसला, फेट्यासकट. आमच्याकडं संध्याकाळी मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात घालताना, दर मेंढरामागं एक खडा घोंगडीच्या खोळीत टाकतात. मोजण्याआधी खोळ झाडायची. न झाडता मोजलं की कालचे खडे आजच्या मेंढरांत मिसळतात, आणि हरवलेलं मेंढरूसुद्धा हजर भरतं.

"खोळ झाडायची ऱ्हायली, मालक," तो म्हणाला. "चांगल्या चिपंनं लोखंडी पट्टी एकदा चिकटली ती सुटलीच न्हाई. पुढं दगड बसवला तरी घंटा वाजणार. म्या वाईट चिप आधी लावली हुती. चांगलीच्या मागनं कवा लावलीच न्हाई."

नानासो ओशाळले. "गड्या, नकाशा माझा हुता. तू जा, बस चुकंल. मी बघतो."

बिराप्पानं दाराबाहेर पाहिलं. ऊन पांढरं झालं होतं. मग त्यानं फेटा काढून खुंटीला अडकवला. "म्या बांधलेली घंटा खोटं बोलली. ती तशी ठिवून ढोल कसा घिऊ?"

दोघांनी मिळून जोडणी बदलली. आता प्रत्येक चिपेआधी लोखंडी पट्टी सुटे, आणि तेव्हाच परीक्षा सुरू होई. मग सकाळच्या सगळ्या चिपा पुन्हा यंत्रावर चढवल्या. शालूबाई बसवी, बिराप्पा ऐके. टण्ण, टण्ण, आणि मध्येच शांतता. दोन चिपा मुक्या निघाल्या. त्या कुणाच्या तरी विहिरीवर जाणार होत्या.

फेरतपासणी सरली तेव्हा बस केव्हाच गेली होती. नानासोंनी मोटारसायकल काढली. निघताना बिराप्पानं खुंटीवरचा फेटा डोक्याला चढवला आणि एक मुकी चिप शालूबाईच्या हातात दिली. "ही लंगडी. चांगल्यांच्या मधीमधी ही बसवायची. घंटा वाजली तर काम बंद."

"व्हय व्हय. जावा आता, न्हाईतर जोतिबा कुल्ले हलवंल!"

वाटभर धुळीनं दोघं भंडारा न उधळताच पिवळे झाले. देवळापुढं पोचले तेव्हा सूर्य माळाला टेकला होता. जोतिबा गळा पुढं करून उभा होता आणि सिदाप्पा ढोलाच्या दोऱ्या ताणत होते. ताणलेली दोरी सोडायची, पुन्हा ताणायची.

"चुलता दुपारधरनं दोऱ्याच वढतुया," जोतिबा वैतागला होता. "कातडं फाटंल आता!"

म्हाताऱ्यानं धुळीतून येणारा फेटा पाहिला आणि दोरीची गाठ मारली.

"लय लवकर आलास रं," ते म्हणाले. "तिकडं राखणीला कोण ठिवलंस?"

"शालूबाई हाय. यंत्र हाय. आन एक लंगडं ठिवलंय कळपात."

"लंगडं कशाला?"

"राखणदार जागा हाय का, ते कळाया."

सिदाप्पा हसले तेव्हा त्यांचे उरलेसुरले दात दिसले. त्यांनी ढोल उचलला. हात थरथरत होते, म्हणून जोतिबानंच खालून आधार दिला, आणि ढोल बिराप्पाच्या गळ्यात आला.

"बिरोबाच्या नावानं चांगभलं!"

भंडारा उधळला. नानासोंचा पांढरा शर्ट पिवळा झाला, आणि बिराप्पानं पहिली थाप मारली.