मेथीच्या बियांची पुडी
बायकोनं गॅलरीतल्या कुंडीसाठी मेथीचं बी आणलं की मला मोशीचं ते कृषी प्रदर्शन आठवतं. मांडवात तापलेल्या ताडपत्रीचा आणि शेणखताचा वास कोंदला होता, आमची पोरं नव्या ट्रॅक्टरवर चढून बसली होती. शेतकऱ्यांना फुकट बी वाटणाऱ्या मुलीनं वडिलांच्या हातात पुडी दिली आणि वही उघडून विचारलं, "बाबा, शेती किती?" वडील म्हणाले, "चार एकर हाय, चाकणला." मी सगळ्यांसमोर हसून म्हणालो, "आता कुठली शेती? कंपनीत गेली ना ती." तिनं लिहिलेलं खोडलं. वडिलांनी पुडी गुपचूप टेबलावर परत ठेवली आणि नंतर दिवसभर आमच्या मागे मागे चालत राहिले. हल्ली बसमधून त्या कंपनीच्या भिंतीजवळून जाताना शेजारी बसलेल्याला मीच सांगतो, "ही आमची जमीन."